ठिणगीच्या मागावर : रॉबर्ट बॉश

गोव्याहून चोर्ला घाटाने बेळगाव आणि तेथून निपाणीमार्गे कोल्हापूर असा प्रवास ज्यांनी पूर्वी जुन्या पेट्रोल गाडीने केला आहे, त्यांना वाटेतील वंटमुरी आणि तवंदी हे दोन घाट चांगलेच आठवत असतील. आजच्या रुंद महामार्गावर ते चढ फारसे जाणवत नाहीत. त्या काळी मात्र सपाटीवर सुरळीत धावणारी गाडी चढाला लागली की अडखळू लागे, चारांपैकी एखादा सिलिंडर मध्येच काम सोडून देई आणि गाडी मिसिंग मारू लागे. दोष अर्थातच घाटाचा नसे. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरात हवा आणि पेट्रोलचे मिश्रण अधिक भरते, आतला दाब वाढतो आणि तेवढ्या दाबातून ठिणगी उडवायला विजेचा दाबही अधिक लागतो. सपाटीवर कशीबशी उडणारी अशक्त ठिणगी अशा वेळी उडतच नाही. आधीपासून लपून बसलेले दुखणे चढावर बाहेर येते एवढेच.

अशी गाडी बेळगावच्या किंवा निपाणीच्या एखाद्या गॅरेजात आली की जुना मेस्त्री बॉनेट उघडून पहिल्यांदा प्लग बाहेर काढी. त्या प्लगवर पुष्कळदा मायको हे नाव असे. बंगळूरच्या ज्या कारखान्यात तो प्लग तयार होई, त्याचे मूळ जर्मनीतील स्टुटगार्ट शहरात, एका इमारतीच्या मागच्या बाजूला थाटलेल्या लहानशा कार्यशाळेत होते. मोटारीच्या इंजिनाला भरवशाची ठिणगी मिळवून देण्यात ज्यांचे आयुष्य खर्ची पडले, त्या रॉबर्ट बॉश यांची ती कार्यशाळा.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत त्यांचा क्रमांक अकरावा. घरची शेतीवाडी चांगली होती आणि वाटसरूंसाठी चालवलेली खानावळही होती. वडील वाचनाची आवड असलेले, स्वतंत्र बाण्याचे गृहस्थ होते. मुलाचा ओढा वनस्पती आणि प्राणी यांच्याकडे अधिक होता; पण शाळेत मन रमेना, तेव्हा त्यांना उल्ममध्ये एका सूक्ष्मयंत्रांच्या कारागिराकडे उमेदवारीला ठेवण्यात आले. १८७६ ते १८७९ ही तीन वर्षे तेथे गेली. शिकवण्याकडे मालकाचे मुळीच लक्ष नव्हते. त्या वाया गेलेल्या दिवसांची खंत बॉश यांना जन्मभर राहिली. पुढे १९१३ मध्ये त्यांनी आपल्या कारखान्यात उमेदवारांच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र विभाग उघडला, त्यामागे ही खंत असावी असे मानायला जागा आहे.

उमेदवारी संपल्यावर काही वर्षे ते गावोगावच्या कारखान्यांतून फिरले. १८८४ मध्ये अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांच्या उद्योगाशी संबंधित कारखान्यांत त्यांनी काम केले. तेथील कामगारांच्या नाइट्स ऑफ लेबर या संघटनेचे ते सभासदही झाले. मालक होण्याआधी मजुराच्या बाजूने जग पाहिलेला हा माणूस होता, हे पुढच्या घटना समजून घेताना ध्यानात ठेवावे लागते. अमेरिकेहून इंग्लंड, इंग्लंडहून परत जर्मनी, असे करीत अखेर १५ नोव्हेंबर १८८६ रोजी वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्यांनी स्टुटगार्टमध्ये आपली कार्यशाळा उघडली. वडिलोपार्जित वाट्यातून आलेले दहा हजार मार्क हे भांडवल आणि हाताखाली एक कारागीर व एक पोऱ्या, एवढाच संसार. टेलिफोन बसवणे, विजेच्या घंटा जोडणे, मोडलेली उपकरणे दुरुस्त करणे, जे मिळेल ते काम घेतले जाई.

आपल्याकडच्या वाचकाला येथे बेळगाव आठवल्यावाचून राहणार नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, किर्लोस्कर बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले, आणि त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे व इंजिने यांचा मोठा व्याप उभा राहिला. स्टुटगार्टचे बॉशही १८९० पासून गिऱ्हाइकांकडे सायकलवरूनच जात. या दोघांची गाठ पडली होती असे नव्हे. पण मोडलेली वस्तू उघडून तिचा दोष नेमका कोठे आहे ते पाहायचे आणि मग तीच वस्तू अधिक चांगली करायची, ही वाट दोघांचीही एकच दिसते.

बॉश यांच्या नावाशी कायम जोडले गेलेले काम त्यांच्याकडे अगदी योगायोगाने आले. १८८७ मध्ये एका लहान यंत्रउत्पादकाने त्यांना गॅसवर चालणाऱ्या स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार करून मागितला. तसा मॅग्नेटो डॉइट्झ येथील कारखान्याच्या इंजिनांवर आधीपासून होता. बॉश यांनी तो प्रत्यक्ष जाऊन पाहिला, त्यावर कोणाचे पेटंट नाही याची खात्री करून घेतली आणि त्यात सुधारणा करून आपला नमुना बनवला. म्हणजे मॅग्नेटोचा शोध बॉश यांचा नव्हे. तसा दावाही त्यांनी कधी केला नाही. मॅग्नेटो म्हणजे चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलवून वीज निर्माण करणारे छोटे यंत्र. त्याला बॅटरी लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या बजाज स्कूटर आणि लुना बॅटरीवाचून सुरू होत, त्या चाकाला जोडलेल्या अशाच मॅग्नेटोमुळे.

बॅटरी नको, हे त्या काळी फार मोठे सुख होते. पहिल्या मोटारींच्या निर्मात्यांना इंजिनापेक्षा ते पेटवण्याची चिंता अधिक होती. कार्ल बेंझ यांच्या मते तर मोटारीच्या सर्व प्रश्नांत हाच सर्वांत अवघड प्रश्न होता. त्यांच्या गाडीत बॅटरी आणि कॉइल असे, पण ती बॅटरी पुन्हा भरण्याची सोय गाडीत नसल्याने थोड्याच अंतरात ती संपे. डाइम्लर यांच्या गाडीत सिलिंडरला लावलेली धातूची नळी बाहेरून ज्योतीने लाल तापवून ठेवावी लागे. पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत, आणि मिश्रण नेमके केव्हा पेटेल यावर ताबा नाही. १८८८ मध्ये बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीला न कळवता, मानहाइमहून फोर्त्सहाइमला मोटारीने गेल्या. अंतर सुमारे १०४ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ बेळगाव ते कोल्हापूर. वाटेत इंधनाची नळी तुंबली तेव्हा त्यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि इग्निशनची तार उघडी पडली तेव्हा मोज्याच्या पट्ट्याने ती गुंडाळली, असे सांगतात. मोटारीच्या इतिहासातला पहिलाच लांबचा प्रवास, आणि त्यातही इग्निशनची दुरुस्ती आलीच.

बॉश यांचा मॅग्नेटो मात्र सुरुवातीची दहा वर्षे संथ चालणाऱ्या स्थिर इंजिनांवरच बसत असे. मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्यांच्या पुढे तो टिकत नसे, कारण त्यातील तारेच्या वेटोळ्याचा जड गाभा प्रत्येक ठिणगीसाठी झटक्याने मागेपुढे हलावा लागे. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स या इंग्लंडमधील व्यावसायिकाने त्यांच्याकडे दे दियाँ-बूताँ कंपनीची मोटार लावलेली तीनचाकी पाठवली आणि तिला मॅग्नेटो बसवून मागितला. त्या इंजिनाच्या फेऱ्या कितीतरी पट अधिक होत्या. तोडगा काढला तो आर्नोल्ड त्सेरिंगर या कार्यशाळेतील प्रमुख कारागिराने. जड गाभा हलवण्याऐवजी तो जागच्या जागी ठेवावा आणि त्याच्याभोवती लोखंडाचे हलके कवच तेवढे हलवावे, ही त्याची कल्पना. वीज तितकीच मिळाली आणि वेगाचे बंधन सुटले. बॉश यांचा मॅग्नेटो मोटारीवर चढला तो येथे.

तरीही एक अडचण राहिलीच. या मॅग्नेटोचा विजेचा दाब कमी असल्याने ठिणगी पाडण्यासाठी सिलिंडरच्या आत दोन टोके एकमेकांना टेकवून झटकन दूर करावी लागत. त्यासाठी दांडे, स्प्रिंगा, तरफा, आणि हे सगळे आगीत. टोके जळत, दांडे झिजत, आणि प्रत्येक इंजिनासाठी ही जुळणी नव्याने करावी लागे. १९०१ मध्ये बॉश यांनी हे काम गोटलोब होनोल्ड या तरुण अभियंत्याकडे सोपवले. होनोल्ड मुलगा असताना याच कार्यशाळेत उमेदवार होता, आणि शिक्षण पुरे करून परत आला होता. त्याने गाभ्यावर जाड तारेच्या वेटोळ्यासोबत बारीक तारेचे, पुष्कळ अधिक वेढ्यांचे दुसरे वेटोळे गुंडाळले. पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह इंजिनाच्या बाहेर बसवलेल्या पॉइंटने एकाएकी तोडला की दुसऱ्यात हजारो व्होल्टचा दाब उभा राही. तो दाब वायरने थेट प्लगपर्यंत नेला की सिलिंडरच्या आत हलणारा एकही भाग लागत नसे. पॉइंट जळू नयेत म्हणून त्यांना कंडेन्सर जोडला. १९०२ मध्ये असे मॅग्नेटो डाइम्लर कंपनीकडे जाऊ लागले. त्याच्या पुढच्याच वर्षी झालेली गॉर्डन बेनेट शर्यत बॉश यांचे इग्निशन बसवलेल्या मर्सिडीझ गाडीने जिंकली आणि हे नाव सर्वतोमुखी झाले.

होनोल्डच्या रचनेतील दोन वेटोळी, पॉइंट, कंडेन्सर आणि प्लग हे अवयव पुढे बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनमध्येही राहिले. आपल्या रस्त्यांवरच्या जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांचे इग्निशन त्याच कुळातले. फरक एवढाच की वीज चुंबकाऐवजी बॅटरीतून येते, दोन्ही वेटोळी कॉइलच्या डब्यात बसतात आणि ठिणगी कोणत्या सिलिंडरला द्यायची ते डिस्ट्रिब्युटर ठरवतो. म्हणून अशा गाडीचा दोष शोधण्याची मेस्त्रीची पद्धत समजली की बॉश यांच्या कार्यशाळेत काय चालले होते तेही समजते.

मेस्त्री वाटेत कोठेही अंदाजाने हात घालत नाही. आधी तो प्लग बाहेर काढून वायरीला जोडतो, त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवून ठेवतो आणि स्टार्टर फिरवायला सांगतो. हाताशी रबर किंवा कोरडे फडके असते, कारण या वायरीतला झटका साधा नसतो, आणि आसपास सांडलेले पेट्रोल नाही हे तो आधी पाहून घेतो. ठिणगी निळसर आणि चटचट आवाज करणारी असेल तर वीज ठीक आहे, दोष पेट्रोलच्या बाजूला शोधायचा. ती पिवळट, बारीक असेल किंवा मुळीच नसेल तर मागे जायचे. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरच्या मध्यभागी येणारी जाड वायर काढून तेथे ठिणगी येते का ते पाहायचे. तेथे चांगली ठिणगी असेल आणि प्लगवर नसेल तर दोष मधल्या प्रवासात आहे, म्हणजे कॅप, रोटर किंवा प्लगच्या वायरी. बेळगावच्या पावसात हे नेहमीचेच. कॅपच्या आत ओल धरते, तिच्यावर कोळशासारखी बारीक रेघ उमटते आणि वीज प्लगकडे न जाता त्या रेघेवरून इंजिनात उतरते. कॅप पुसून, वाळवून गाडी चालू झाली तरी रेघ उमटलेली असेल तर कॅप बदलल्याशिवाय दुखणे जात नाही.

कॉइलच्या वायरीवरही ठिणगी नसेल तर मग पॉइंट. ते काळे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासायचे आणि पूर्ण उघडल्यावर त्यांच्यात साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर फट राहील असे बसवायचे. घासलेले पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा जळाले तर त्यांना दोष देऊ नये, कंडेन्सर गेला आहे असे समजावे. गाडी गरम झाली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, या तक्रारीत कॉइलवर संशय घ्यावा, कारण तापल्यावर तिच्या आतल्या तारांचे आवरण दगा देते. पण नवी कॉइल आणण्यापूर्वी इग्निशनच्या स्वीचपासून तिच्यापर्यंत बॅटरीची वीज पुरेशी येते की नाही ते पाहायचे. स्वीचचे सैल टोक किंवा इंजिनाची गंजलेली अर्थची पट्टी यांमुळे कितीतरी चांगल्या कॉइली भंगारात गेल्या असतील! घाटात मिसिंग मारणाऱ्या गाडीच्या बाबतीत प्लगची फट वाढलेली असणे हे सर्वांत साधे कारण. ती जितकी मोठी, तितका अधिक दाब ठिणगीला लागतो. अनुभवी मेस्त्री म्हणूनच तेथून सुरुवात करतो.

१९०१ मध्ये बॉश यांच्याकडे पंचेचाळीस माणसे होती. १९०६ मध्ये एक लाखावा मॅग्नेटो तयार झाला आणि १९१२ मध्ये दहा लाखावा. त्याच १९०६ साली बॉश यांनी कामाचे तास आठ केले. जर्मनीत त्या वेळी असे करणारे कारखानदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. पगारही चांगले. इतर कारखानदार त्यांना तांबडा बॉश म्हणून हिणवत. मात्र ते भोळे दानशूर होते असे समजू नये. थकलेल्या हाताने बनवलेला मॅग्नेटो रस्त्यात बंद पडतो आणि त्याबरोबर कारखान्याचे नावही जाते, हा त्यामागचा रोखठोक हिशेब होता. काटकसरही टोकाची. जमिनीवर पडलेली कागदाची टाचणी उचलून त्यांनी शेजारच्या माणसाला ती काय आहे असे विचारले आणि ती आपला पैसा आहे असे स्वतःच सुनावले, ही गोष्ट त्यांच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. १९१३ मध्ये कामगारांनी संप केला तेव्हा ते मनातून दुखावले आणि आतापर्यंत दूर ठेवलेल्या मालकांच्या संघटनेत सामील झाले. आपण कामगारांचे मित्र असताना त्यांनी आपल्याविरुद्ध उभे राहावे, हे त्यांना उमजले नाही. चांगल्या मालकांचा हा आंधळेपणा नवा नाही.

पुढच्या वर्षी युद्ध पेटले. तोवर कारखान्याचा बहुतेक माल परदेशी जात असे. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मोटारी, मालमोटारी आणि विमानेही स्टुटगार्टच्या मॅग्नेटोवर चालत. युद्ध सुरू झाल्यावर इंग्रजांना हे यंत्र घाईघाईने स्वतः बनवायला शिकावे लागले. बॉश यांनी कारखान्याचा एक भाग जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी दिला. युद्धावर मिळणारा नफा त्यांना बोचत असे, आणि नेकार नदीवरील जलमार्गाच्या कामासह अनेक लोकोपयोगी कामांना त्यांनी कोट्यवधी मार्क देऊन टाकले. पण मॅग्नेटो बनवणे त्यांनी थांबवले नाही, थांबवता येण्यासारखेही नव्हते. अमेरिकेतील त्यांचा कारखाना तेथील सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला आणि विकून टाकला. त्यांचे नाव लावलेला माल आता दुसरेच विकू लागले. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने त्यांचा तरुण मुलगा रॉबर्ट गेला. कारखाना त्याच्या हाती सोपवण्याचा विचार तेथेच संपला, आणि काही वर्षांनी पहिला संसारही मोडला.

याच काळात अमेरिकेतून दुसरा धक्का आला. चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाडीसाठी बॅटरीवरचे इग्निशन सुधारले आणि १९१२ मध्ये तिला विजेचा स्टार्टर दिला. एकदा गाडीत दिव्यांसाठी आणि स्टार्टरसाठी बॅटरी व ती भरणारा डायनॅमो आला म्हणजे वेगळ्या महागड्या मॅग्नेटोची गरज काय? ज्या एका कामावर बॉश यांचे वैभव उभे होते, ते मोटारीतून हद्दपार होणार हे उघड झाले. १९२५ मध्ये बॉश यांच्या कारखान्याने स्वतःच बॅटरीवरचे इग्निशन बाजारात आणले. आपल्याच वस्तूची जागा घेणारी वस्तू आपणच बनवायची, हा निर्णय साठी ओलांडलेल्या माणसाला किती जड गेला असेल! त्यानंतर दोन वर्षांत डिझेल इंजिनाचा इंधनपंप आला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागतच नाही. दाबाने तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा मारला की ते पेटते. ठिणगीसाठी प्रसिद्ध झालेल्या या कारखान्याचा पुढचा मोठा व्यवसाय ठिणगी नसलेल्या इंजिनाने दिला.

हिटलरच्या राजवटीतील बॉश यांचे चित्र एका रंगात रंगवता येत नाही. त्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता. छळ होत असलेल्या ज्यूंना त्यांनी आणि त्यांचे उत्तराधिकारी हान्स वाल्त्स यांनी गुपचूप पैसे, नोकऱ्या आणि देशाबाहेर जाण्यासाठी मदत दिली. हिटलरविरोधी गटाचे प्रमुख कार्ल गोएर्डेलर यांना सल्लागार म्हणून नेमून त्यांच्या हालचालींना आडोसा दिला. गोएर्डेलर यांना पुढे १९४५ मध्ये फाशी झाली. वाल्त्स यांचा इस्राएलने १९६९ मध्ये गौरव केला. आणि तरीही याच कारखान्यात सैन्यासाठी माल बनत राहिला. युद्धाच्या वर्षांत बॉश उद्योगसमूहात हजारो वेठबिगारांना राबवले गेले, त्यांत छळछावण्यांतील कैदीही होते. कामगाराचे आठ तास ज्या नावाने सुरू झाले, त्याच नावाच्या फाटकाआड हे घडले.

१२ मार्च १९४२ रोजी कानाच्या संसर्गातून उद्भवलेल्या दुखण्याने बॉश यांचे स्टुटगार्टमध्ये निधन झाले. ज्या राजवटीचा ते द्वेष करीत, तिनेच त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली आणि ती नाकारायला ते हयात नव्हते. त्यांच्या इच्छापत्राला अनुसरून १९६४ मध्ये कंपनीचे बहुतांश भांडवल एका लोकोपयोगी प्रतिष्ठानाकडे गेले. स्टुटगार्टमध्ये त्यांनी १९४० मध्ये सुरू केलेले रुग्णालयही त्याच प्रतिष्ठानाकडे आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी, १९५१ मध्ये, बंगळूरमध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी म्हणजेच मायको स्थापन झाली आणि तेथून प्लग व डिझेल पंप देशभर जाऊ लागले. निपाणीच्या तंबाखूच्या आणि उसाच्या मालमोटारी ज्या पंपांवर चालल्या, त्यांतले कितीतरी त्या कारखान्यातले. २००८ मध्ये तिचे मायको हे नाव गेले आणि बॉश हेच नाव आले. आता नव्या गाड्यांत पॉइंटही नाहीत आणि कंडेन्सरही नाही, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि दोष संगणक सांगतो. सीमाभागातल्या एखाद्या जुन्या गॅरेजात मात्र पॉइंटची फट मोजण्याची पोलादी पट्टी अजून सापडते, आणि जुनी गाडी जपणारे गिऱ्हाईक पावसाळ्याआधी डिस्ट्रिब्युटरची कॅप तपासून घ्यायला येते.